ॲप हिरवं दाखवतं, मग आईला धाप कशानं लागते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ५६ वर्षांच्या, अंबड तालुक्यातल्या गावी राहतात. उभ्या जन्मात बिडीला हात लावलेला नाही. दोन वर्षांपासून सकाळी खोकला, बेडका, आणि आता विहिरीवरून घरी येताना धाप. सोयाबीनच्या मळणीत त्रास दुप्पट. डॉक्टरांनी धुराधुळीमुळं झालेला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा रोग, म्हणून सांगितलं, तोंडानं ओढायचा पंप (इनहेलर) दिला. तुम्ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला, कारखान्यांच्या वसाहतीत, नोकरीला. मोबाइलवर गावाचं नाव टाकलं की हवेचा निर्देशांक साठ-सत्तरच्या आसपास, रंग हिरवा. मग हे प्रदूषणाचं खरं मानायचं का, कोणत्या प्रदूषकानं काय होतं, आणि एअर प्युरिफायर घ्यावा की आईला वाळूजला आणावं?

प्युरिफायर घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचेपर्यंत तुम्ही ऑर्डर देऊन मोकळे व्हाल. कारण खाली येईलच.

गावाची हवा चांगली की वाईट, या प्रश्नात तुम्ही अडकला आहात. मला विचारायचंय ते वेगळं: आई दिवसभरात श्वास कुठं कुठं घेतात? ॲपवरचा आकडा गावाचा नसतोच मुळी. मोजणारी यंत्रं शहरात. गावाचं नाव टाकल्यावर दिसतं ते एकतर जवळच्या शहराचं, नाहीतर उपग्रह आणि गणितावरून काढलेला अंदाज. आणि समजा तुमच्या पारावर यंत्र बसवलं, तरी ते पारावरचीच हवा मोजणार. आई चुलीपुढं बसलेल्या असतात, पारावर नव्हे.

हे मला स्वतःला उशिरा कळलं. परभणीत प्रॅक्टिस सुरू करून २२ वर्षं झाली. सुरुवातीला मी केसपेपरवर 'धूम्रपान : नाही' लिहायची आणि पुढच्या ओळीवर जायची. सेलूकडच्या एक मावशी यायच्या. त्यांना मी दीड वर्ष दमा समजून औषधं दिली, फरक जेमतेम. मग नवीन स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायचं यंत्र, आलं. नळी तोंडात देऊन मी म्हटलं, जोरात फुंका, फुंकत राहा. त्यांनी नळी काढली आणि हसून म्हणाल्या, "फुकनीच तर फुकत आले मॅडम जलमभर." आमच्या कंपाउंडरलाही हसू आलं. मला नाही आलं. लग्न होऊन आल्यापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक, वर बारा माणसांचं आंघोळीचं पाणी. हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांची फुप्फुसं पन्नाशीत साठीतल्या बिडी ओढणाऱ्या माणसासारखी झालेली होती.

तेव्हापासून मी रोग विचारण्याआधी दिवस विचारते. उठल्यावर पहिला जाळ कशाला लावता? पाणी कशावर तापतं? भाकरी कशावर? सरपण काय, पऱ्हाट्या, तुराट्या की गोवऱ्या? चूल आत का बाहेर? "गॅस आहे ना घरी?" असा प्रश्न मी आता विचारतच नाही, कारण उत्तर 'हो' येतं आणि चौकशी तिथंच संपते. उज्ज्वला योजना २०१६ ला आली, सिलिंडर पुष्कळ घरांत पोचले. पण त्यावर चहा होतो, पाहुणे आले की पोहे होतात. ज्वारीची भाकरी चुलीवरचीच लागते आणि आंघोळीच्या पाण्याला सिलिंडर जाळणं कुणाला परवडत नाही. पऱ्हाट्या तर शेतात फुकट पडलेल्या. यात बाईचा अडाणीपणा काही नाही, साधा हिशेब आहे.

आता हिशेबच करू. समजा गावातल्या मोकळ्या हवेत बारीक कण, म्हणजे पीएम २.५, घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहेत. भारतीय निर्देशांकात हा आकडा ६६ च्या आसपास जातो, 'समाधानकारक', हिरवा. तुमच्या ॲपवर दिसतं तेच. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हेच कण शेकड्यांत जातात, ओलं सरपण असेल तर हजाराच्याही वर. आपण ८०० धरू. आई रोज तीन तास चुलीपुढं, बाकीचे २१ तास बाहेरच्या हवेत. तीन गुणिले आठशे, चोवीसशे. एकवीस गुणिले चाळीस, आठशे चाळीस. बेरीज भागिले २४, म्हणजे सरासरी १३५. हा आकडा ॲपवर असता तर रंग लाल दिसला असता आणि खाली 'अतिशय वाईट' लिहिलं असतं. २४ तासांसाठी भारताचं प्रमाण ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते १५ वर आणलं. एकाच गावात, एकाच दिवशी, पारावर बसणाऱ्या वडिलांची हवा हिरवी आणि आईची लाल. आकडे माझे धरलेले आहेत, तुमच्या घरी कमी-जास्त असतील. पण उलटं होईल असं मला वाटत नाही.

हे बारीक कण एवढे नडतात कशानं? माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड धरला, तर हे कण अडीच किंवा त्याहून कमी, म्हणजे केसाच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढे. रस्त्याची, नांगरटीची धूळ बहुतेक जाडी असते. तिच्यातली खरी जाडी नाकात अडकते, काळा शेंबूड होऊन निघते. दहा मायक्रोमीटरपर्यंतची, म्हणजे पीएम १०, घशाखाली श्वासनळ्यांत उतरते, खोकला आणते. अडीचच्या आतले मात्र थेट वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या बारीक फुग्यांत, जाऊन बसतात. तिथं सूज येते, ती रोजच्या रोज येत राहते आणि हळूहळू नळ्या कायमच्या अरुंद होतात. सगळ्यात बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणून हा रोग फक्त छातीचा नाही. हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायू, कमी वजनाची बाळं, या सगळ्यांशी पीएम २.५ चा संबंध पक्का झालेला आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरशीही, कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला तंबाखूच्याच गटात टाकलं.

चुलीतून दुसरी गोष्ट निघते ती कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. स्वयंपाक करताना डोकं धरतं, मळमळतं, बाहेर ओट्यावर येऊन बसलं की बरं वाटतं, असं आई म्हणत असतील तर त्यात याचा हात असू शकतो. आणि बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथं फसवतो. त्याला ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि मोनॉक्साइड धरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही, दोन्हीला छान ९८ दाखवतो.

इथं थोडं विषयांतर करते, कारण हे सांगायची संधी मी सोडत नाही. बाळंतिणीची खोली बंद करून आत कोळशाची शेगडी आणि वर ओव्या-शेपाची धुरी, हे आपल्याकडं अजून चालतं. शेक द्यायचा तर द्या, पण निखारे फुललेली शेगडी बंद खोलीत रात्रभर ठेवू नका. दहा दिवसांचं बाळ त्या खोलीत मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेत असतं. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही तेच. खिडकी उघडी नसेल तर तो जीवघेणा आहे.

बाकीचे वायू तुमच्या आईंच्या बाबतीत दुय्यम, तुमच्या बाबतीत नाहीत. सल्फर डायऑक्साइड कोळसा आणि भट्टीच्या तेलातून येतो. परळीच्या औष्णिक केंद्रासारखी ठिकाणं, कोळशावरच्या वीटभट्ट्या, कारखान्यांचे बॉयलर. दम्याच्या माणसाला हा वायू काही मिनिटांतच आवळतो. नायट्रोजन डायऑक्साइड प्रामुख्यानं डिझेलचा. धुळे-सोलापूर महामार्गाला लागून घर असेल तर हा रोजचा पाहुणा. लहान मुलांत दमा वाढवतो, सर्दी-खोकला लवकर धरतो. थोडा घरच्या गॅस शेगडीतूनही निघतो, म्हणून गॅसवर आलात तरी खिडकी हवीच. हे दोन्ही वायू हवेत मुरून पुढं सल्फेट, नायट्रेटचे बारीक कण होतात, म्हणजे चिमणीपासून लांब राहणारेही सुटत नाहीत. ओझोन धुराड्यातून निघत नाही, उन्हात तयार होतो. एप्रिल-मेच्या दुपारी छातीत जळजळतं, खोल श्वास घेववत नाही, त्याला नुसतं ऊन कारण नसतं. शिसं पेट्रोलमधून २००० साली गेलं, आता जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्यांच्या आसपास ते पाहावं.

मळणीचा मुद्दा वेगळा काढते, कारण तुम्ही तो लिहिलात म्हणून मी एवढं लांब उत्तर लिहायला बसले. मळणी यंत्रापुढची धूळ ही साधी माती नसते. तिच्यात शेंगेची लव, भुसकट आणि बुरशीचे बीजाणू असतात. परतीच्या पावसात ढीग भिजला आणि आतून काळा पडला की बुरशी फार. अशा धुळीनं दोन वेगळे रोग होतात. एकात मशीनपुढं उभं राहिल्याबरोबर शिंका, शिट्टी वाजल्यासारखा श्वास, हा दमा. दुसऱ्यात त्या वेळी फारसं काही नाही, पण चार ते आठ तासांनी, म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर, कणकण, ताप, अंग दुखणं आणि धाप. दोन दिवसांनी आपोआप उतरतं. लोक त्याला मलेरिया, व्हायरल म्हणून सलाइन लावून घेतात. दर हंगामात असं होत राहिलं तर फुप्फुस आतून चिवट होत जातं, आणि या रोगाला सीओपीडीचा पंप पुरत नाही. म्हणून आईंना नेमकं हेच विचारा: त्रास मशीनपुढं होतो की संध्याकाळी? ताप येतो का? कुबट कडबा, गुळी उपसल्यावरही असंच होतं का? उत्तर लिहून डॉक्टरांना दाखवा.

म्हणजे इथपर्यंतचं असं: आईंचं प्रदूषण बहुतेक घरातलं आहे, हंगामात खळ्यातलं, आणि ॲपमध्ये या दोन्हींतलं काही दिसत नाही. पण निदान पक्कं झालंय का, हे मला तुमच्या लिहिण्यावरून सांगता येत नाही. फुंकून बघायची तपासणी झाली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नुसतं स्टेथोस्कोप लावून सीओपीडी ठरवू नये. स्पायरोमेट्रीत एकदा फुंकवतात, पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकवतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर पंपानंतरही ०.७ च्या खाली राहिलं तर सीओपीडी. पंपानंतर आकडा चांगलाच वर आला तर दम्याचा विचार. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. दोन आठवड्यांवर खोकला टिकला की आपल्याकडं आधी टीबी नाही हे बघायचं असतं; तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. चुलीच्या धुरात राहणाऱ्यांना टीबीही जास्त गाठतो. पायावर सूज असेल, झोपल्यावर धाप वाढत असेल तर हृदयाचा इको. एकात एक दोन रोग असणं आमच्या ओपीडीत नवीन नाही.

आता घरात काय करायचं. पहिल्यांदा आंघोळीचं पाणी चुलीवरून उतरवा. सगळ्यात जास्त सरपण तिथं जळतं आणि त्याला चवीची अडचण नाही. ऊन आपल्याकडं भरपूर, जमलं तर सोलर हीटर. आईंचं पाणी कुणी दुसऱ्यानं तापवून उपयोग नाही, धूर त्याच घरात राहतो. आणि आईंच्या जागी सून बसली तर वीस वर्षांनी तिचा केसपेपर माझ्याकडं येतो. दुसरं, भाकरी. ती गॅसवर आणायला वाद होईल, होऊ द्या. तोवर चूल चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली काढा, भिंतीच्या आडोशाला नको. सरपण खडखडीत वाळलेलं. पेटवायला प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा अजिबात नाही. धुराड्याच्या सुधारित चुलीनं थोडा फरक पडतो, पण गॅसइतका नाही. अर्धा धूर कमी केला म्हणजे अर्धा रोग कमी झाला, असं या कणांचं गणित नसतं. खूप वरच्या पातळीवरून थोडं खाली आल्यानं फायदा थोडाच होतो, खरा फायदा अगदी खाली आल्यावर. म्हणून 'सणावाराला फक्त चूल' इथपर्यंत पोचायचं बघा.

माळवदाच्या जुन्या घरांत छताला साणं असायचं, धूर सरळ वर जायचा. घर पाडून स्लॅबचं बांधलं, चूल मात्र तीच राहिली, आणि धुराला वाट उरली नाही. तुमच्या घरी तसं झालं असेल तर स्वयंपाकघराच्या भिंतीला वर हाताएवढी खिडकी फोडणं हे प्युरिफायरपेक्षा स्वस्त आणि कामाचं. प्युरिफायर कण गाळतो, तेही बंद खोलीत. दारं सताड उघडी असलेल्या घरात तो कुणाची हवा गाळणार? मोनॉक्साइड तर तो अडवतच नाही. रात्री उशाशी मच्छर कॉइल जळत असेल तर तिच्या जागी मच्छरदाणी आणा. मिसरी भाजत असतील तर तोही धूरच, आणि वर तंबाखू.

मळणीच्या दिवसांत आईंनी यंत्राजवळ थांबू नये, हे माझं स्पष्ट मत. पदर किंवा रुमाल तोंडाला बांधल्यानं जाडी धूळ अडते, बारीक आरपार जाते. एन ९५ मास्क नाकाला घट्ट बसला तर काम करतो, पण धाप असलेल्या माणसाला त्यात आणखी गुदमरतं. त्यापेक्षा त्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब, डब्याचं काम द्या. मास्क तुम्ही आणि मजुरांनी वापरा.

वाळूजला आणण्याचं म्हणाल तर चूल सुटेल, हा फायदा मोठा. पण खोली कुठं आहे? मोठ्या रस्त्याला लागून, ट्रकच्या थांब्याजवळ किंवा कारखान्याच्या भिंतीला असेल तर एक धूर सोडून दुसऱ्यात आल्यासारखं. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही मराठवाड्यातली तीन शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत ती हवा प्रमाणात बसत नाही म्हणूनच. शहरातल्या हवेसाठी मात्र ॲप कामाचं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप बघा. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून बसते आणि धूर वर जात नाही, तेव्हा आईंचं फिरणं ऊन वर आल्यावर ठेवा. रस्त्यापासून आत, वरच्या मजल्यावर जागा असेल तर निदान मळणी आणि थंडीचे तीन-चार महिने आणून बघा. त्या राहतील का, हे तुम्हालाच माहीत. माझ्याकडच्या बहुतेक आया पंधराव्या दिवशी गावची गाडी विचारतात.

पंपाबद्दल एवढंच. तो 'लागला की सुटत नाही' हे खरं नाही. रोग सुटत नाही म्हणून पंप चालू राहतो. गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही, पण धूर थांबला आणि पंप नीट घेतला तर पुढची घसरण हळू होते, जिना चढता येतो. नीट म्हणजे: हलवायचा, आधी पूर्ण श्वास सोडायचा, दाबताना सावकाश आत ओढायचा, दहा आकडे धरायचा. हाताचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागा. आईंना पंप घेताना एकदा व्हिडिओत पकडा; अर्धा फवारा तोंडातून पांढरा बाहेर येताना दिसला तर औषध कमी पडत नाहीये, पद्धत चुकतेय. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची. आणि गावात 'दम मोडायचं' इंजेक्शन किंवा पुडीतल्या गोळ्या दर आठवड्याला चालू असतील तर आधी मला सांगा. त्यानं दोन दिवस बरं वाटतं, पण त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

एका वाक्याला दोनदा श्वास घ्यावा लागतोय, ओठ-नखं निळसर पडलीत, गुंगी येतेय, असं काही दिसलं तर मळणी अर्धी टाकून सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. नाहीतर पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक दिवस पहाटे आईंबरोबर उठा आणि पहिल्या जाळापासून शेवटच्या भाकरीपर्यंत घड्याळ लावा. मी तीन तास धरलेत. तुमचा आकडा आणि स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट, दोन्ही कळवा.